हनुवटीखालचं बोट

साताऱ्याच्या डॉक्टरबाईंनी तो कागद टेबलावरून माझ्याकडं सरकवला, तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा : "याचा रिव्ह्यू कुठं होतो?"

बाईंना कळलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बायकोला मात्र बरोबर कळलं. तिनं मान खाली घातली आणि मांडीवर बसलेल्या लेकीचा फ्रॉक उगाचच सारखा केला.

कागदावर लिहिलं होतं, की आमच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, असं बाईंनी सांगितलं. हा निष्कर्ष त्यांनी घाईनं काढला नव्हता. तीन वेळा बोलावून, जमिनीवर मांडी घालून तिच्याशी खेळून, बायकोला तास तास प्रश्न विचारून काढला होता. तिन्ही वेळा मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो. कागद घ्यायला तेवढा आत आलो.

"रिव्ह्यू म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"परत तपासणी. दुसऱ्या बोर्डाकडून."

"अच्छा, दुसरं मत. घ्या ना, जरूर घ्या. हा रिपोर्टही बरोबर न्या. फक्त त्यासाठी थांबून राहू नका. आपण पुढच्या आठवड्यापासून थेरपी सुरू करू. दोन्ही एकदम चालू शकतं."

मी यातलं 'जरूर घ्या' एवढंच ऐकलं.

मी फौजेत होतो. हवालदार होऊन पेन्शनवर आलो आणि कोरेगावजवळच्या आमच्या गावी राहायला लागलो. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आम्हाला मूल झालं. ती जन्मली तेव्हा मी पोस्टिंगवर होतो. ती तान्ही असताना एकदा सुट्टीवर येऊन गेलो; पण ती पालथी पडली, बसली, चालली, हे सगळं मी फोनवर ऐकलं. पेन्शनवर आलो तेव्हा ती दोन वर्षांची होऊन गेली होती. मी दारात बॅग ठेवली आणि हाक मारली, तर तिनं वळूनही पाहिलं नाही. ती उंबऱ्यावर घेवड्याच्या बिया मांडत होती. आमच्याकडचा वाघ्या घेवडा, फिक्कट गुलाबी, वर तांबडे पट्टे. सगळ्या बिया एका ओळीत, सगळ्यांचे डोळे एकाच बाजूला.

"वळखत न्हाई अजून," मी म्हणालो.

"ती मलाबी वळून बघत न्हाई," बायको म्हणाली. "आवं, मी तुमाला फोनवर सांगत हुते की."

सांगत होती हे खरं आहे. 'हाकेला वळत न्हाई', 'बोट दाखवत न्हाई', 'दोन-तीन शब्द बोलत हुती ती बी बंद झाल्यात'. मी म्हणायचो, फौजेतल्या माणसाची पोरं उशिरा बोलतात, घरात बापाचा आवाज नसतो ना. हे मी कुठून काढलं होतं, मला माहीत नाही. पण इतक्या ठामपणे म्हणायचो की माझी मलाच खात्री पटायची.

पेन्शनवर आल्यापासून मी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पोरांना भरतीसाठी तयार करतो. आमच्या भागात दर दोन-चार घरांमागं एक माणूस फौजेत असतो, त्यामुळं हे काम आपसूक गळ्यात पडतं. धावणं, बीमवरचे पुल-अप, लांब उडी हे सगळं शिकवावं लागतंच, पण पोरं खरी अडकतात मेडिकलला. वजन कमी भरतं, कानात मळ निघतो, तळवे सपाट निघतात. मग कागदावर 'अनफिट' शिक्का बसतो. पण तो शेवटचा शिक्का नसतो. पोराला रिव्ह्यू मिळतो, म्हणजे काही दिवसांनी मिलिटरीच्या दवाखान्यात परत तपासणी. तेवढ्या दिवसांत आम्ही त्या पोराच्या मागं लागतो. केळी चारून वजन भरून काढायचं, कान साफ करायचे, तळव्याखाली बाटली फिरवत ठेवायची. रिव्ह्यूला जाताना दोष घरी ठेवून जायचा, असं मी पोरांना सांगायचो. कितीतरी पोरं अशी पास होऊन गेली. आज ती सीमेवर उभी आहेत.

लेकीच्या कागदाकडं मी याच डोळ्यांनी पाहिलं. मला तो शिक्का वाटला, आणि शिक्का पुसायची रीत मला येत होती.

घरी आल्यावर मी बायकोकडून काढून घेतलं, की बाईंनी आत काय काय तपासलं. तिला वाटलं, अखेर मी विचारतोय. तिनं भरभरून सांगितलं. नाव विचारलं, हाक मारली. बाहुली दिली आणि तिला जेवू घाल म्हणून सांगितलं. पंखा कुठाय, दाखव म्हणाल्या. डोळ्याला डोळा देते का ते बघितलं. मी ते सगळं एका वहीत लिहून घेतलं. बायको म्हणाली, "बरं केलंसा. बाईंनी बी सांगितलंय, घरी खेळ घ्या म्हून."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीची पोरं गेल्यावर मी लेकीला अंगणात उभं केलं.

आधी मी घरातल्या घेवड्याच्या सगळ्या बिया गोळा केल्या. तिच्या ओळी मोडल्या, डबा भरला आणि माझ्या काळ्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. ती रडली नाही. उंबऱ्यावर जिथं ओळ असायची तिथं बोट फिरवत बसली. मग मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, तिच्या हनुवटीखाली बोट घातलं, तोंड वर केलं आणि म्हणालो, "इकडं बघ. माझ्याकडं."

ती बघत नव्हती. हनुवटी वर आली तरी नजर बाजूला जायची, खाली जायची, माझ्या कानामागं कुठंतरी जायची. मी बोट काढायचो नाही. शेवटी कधीतरी चुकून तिची नजर माझ्या नजरेला लागायची. त्या क्षणी मी तिच्या तळहातावर घेवड्याची एक बी ठेवायचो. एक बघणं, एक बी.

असं रोज. मग नजरेबरोबर नाव. 'नाव काय तुझं?' हे मी इतक्या वेळा विचारलं की शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून म्हणायची, "आरं, बापाला लेकीचं नावच पाठ हुईना व्हय?" सगळे हसायचे. मीही हसायचो. मग बाहुली. मग पंखा. बोट दाखवण्यासाठी मी तिची चार बोटं माझ्या मुठीत दाबून धरायचो, म्हणजे एकच बाहेर राहायचं.

बायको दोन-चार दिवस बघत राहिली. मग एकदा परात घासता घासता म्हणाली, "माझ्या पोरीला भरतीला घालताय व्हय?"

"शिकतीया का न्हाई ते बघ."

"ती शिकली न्हाई, भ्याली. आवं, ती तुमच्याकडं बघत न्हाई. तुमच्या हाताकडं बघतीया, बी कवा देताय ते."

"फौजेत बी आधी भीतीच असती. मग सवय हुती."

तिनं परात पालथी घातली आणि आत गेली. यावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही. मला वाटलं, तिला पटलं.

दीड महिन्यानंतर एका सकाळी मी अंगणात उकिडवा बसलो आणि हात पुढं करायच्या आधीच लेकीनं स्वतःचं बोट स्वतःच्या हनुवटीखाली घातलं. तोंड वर केलं. माझ्या डोळ्यांत बघितलं. स्वतःचं नाव सांगितलं. आणि दुसरा हात उघडून पुढं धरला.

मी तिला उचलून गोल फिरवलं. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या भरतीच्या वेळीही झाला नव्हता. बायकोला हाक मारली, तिनं दारातून बघितलं. तिचा चेहरा मला तेव्हा कळला नाही. आता कळतो.

रिव्ह्यूसाठी सांगलीचं ठिकाण मेव्हण्यानं शोधलं. बायकोचं माहेर कुंडल. तिचा भाऊ ऊस करतो, आणि त्याची सगळ्या तालुक्यात ओळख. तो म्हणाला, विश्रामबागेत एक जुने डॉक्टर आहेत, लहान पोरांचे, लय हुशार, फार वाट बघावी लागत नाही. आम्ही आदल्या दिवशी एसटीनं कुंडलला गेलो आणि तिथं मुक्काम केला. जेवताना मेव्हणा माझी चेष्टा करत होता.

"दाजी, पोरगी बोलत न्हाई म्हून डाक्टर? आमच्या घरात बायका गप बसत न्हाईत, त्याला कुठला डाक्टर हाय का बघा की."

त्याची बायको म्हणाली, "आदी तुमालाच दावू या."

सगळे हसले. माझी बायको हसली नाही. ती लेकीला दहीभात भरवत होती. लेक घास घेताना आईचं मनगट दोन्ही हातांनी धरायची आणि तोंडाजवळ ओढायची. ते मी रोज बघत होतो. त्याचा काही अर्थ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सकाळी निघताना बायकोनं पिशवीत साताऱ्याची फाइल ठेवली. मी ती काढून मेव्हण्याच्या कपाटात, त्याच्या शर्टांखाली सरकवली.

"आवं, बाईंनी संगं न्या म्हून सांगितलंय."

"पैल्या डाक्टरचं वाचलं की दुसरा बी तेच लिवणार. नव्यानं बघू दे त्याला. आन तू तिथं काय बोलू नकोस. इचारलं तर मी सांगीन."

"तुमाला काय ठावं हाय तिचं?"

हे तिनं रागानं विचारलं नाही. खरोखर विचारलं. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि आम्ही निघालो.

सांगलीचे डॉक्टर वयस्कर होते, बोलायला गोड. बाहेर गर्दी होती. मला त्यांच्याविषयी आजही एक वाकडा शब्द लिहायचा नाही, कारण त्यांनी जे समोर आलं त्यावरून मत दिलं, आणि समोर काय येणार ते मी ठरवलेलं होतं.

"आधी कुठं दाखवलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

बायकोच्या बांगड्या वाजल्या. तिनं लेकीला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं होतं, एवढंच.

डॉक्टर खुर्चीतून उठले आणि लेकीसमोर वाकले. तिनं बोट हनुवटीखाली घातलं, तोंड वर केलं, त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "अरे वा," डॉक्टर म्हणाले. "नाव काय तुझं?" तिनं सांगितलं, स्पष्ट. त्यांनी कपाटातून बाहुली काढली. तिनं बाहुलीच्या तोंडाला हात लावला. पंखा विचारला, तिनं बोट वर केलं. दर वेळी ती हात उघडून पुढं धरत होती आणि मी हळूच खिशातली बी तिच्या हातावर ठेवत होतो. डॉक्टरांनी त्या बियांचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "खेळायला लागतात तिला, आमच्या शेतातल्या आहेत."

मग ते प्रश्न विचारत गेले आणि मी एकामागून एक खोटं बोलत गेलो. मी तयारीनं खोटं बोललो असं म्हणायला हवं. दीड वर्षाची असताना बोलायची का? हो, बोलायची, मग जरा कमी झालं. इतर मुलांत खेळते? खेळते. नाव घेतल्यावर वळते? वळते. जत्रेत, लग्नात गोंधळते का? नाही. मी त्या वयातली लेक पाहिलेलीच नव्हती. पण माझा आवाज परेडवरचा होता.

शेवटी डॉक्टर बायकोकडं वळले. "आई, तुम्हाला काही सांगायचंय? आईला जास्त माहीत असतं."

त्या खोलीतलं मला सगळं आठवतं. भिंतीवर लसींचा तक्ता होता. खिडकीत एक पाण्याची बाटली होती, तिच्यातून ऊन टेबलावर पडलं होतं आणि लेक त्या हलत्या उजेडाकडं बघत होती. बायकोनं आधी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. बराच वेळ. मी डोळ्यांनीच तिला 'नाही' म्हणालो. वीस वर्षं माणसांना हुकूम दिलेला माणूस डोळ्यांनीही हुकूम देऊ शकतो.

"हे म्हणत्यात तसंच," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून दिलं : बोलणं वयाच्या मानानं थोडं मागं, सध्या तरी ऑटिझम म्हणता येणार नाही, घरात भरपूर बोला, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. निघताना त्यांनी लेकीला टाटा केला. तिनं हनुवटी वर केली आणि स्वतःचं नाव सांगितलं. "हुशार आहे," डॉक्टर हसले. मीही हसलो.

परत जाताना मी साताऱ्याला उतरून कंदी पेढे घेतले. रिव्ह्यू पास झालेलं पोरगं गावात शिरताना पेढ्यांचा पुडा घेऊनच शिरतं, ती आमच्याकडची रीत आहे. मी भावकीत वाटले, रानात पोरांना वाटले. शेजारच्या म्हातारीला दिला. तिनं विचारलं, "कशाचा रं?" मी म्हणालो, "पोरगी पास झाली." बायकोपुढं पुडा धरला तेव्हा तिनं एक पेढा घेतला, आत जाऊन देवापुढं ठेवला. खाल्ला नाही. दोन दिवसांनी त्याला मुंग्या लागल्या.

मेव्हण्याकडची फाइल नंतर कुणाच्या तरी हाती घरी पोचली. मी ती काळ्या पेटीत टाकली. बियांचा डबा बाहेर काढून लेकीला दिला, आता तालमीची गरज नव्हती. तिनं डबा उघडला नाही. तो हातात घेऊन माझ्यासमोर आली, हनुवटी वर केली, नाव सांगितलं आणि हात पुढं धरला. मी एक बी दिली आणि हसून विषय सोडला.

सहा महिन्यांनी आम्ही सांगलीला गेलो नाही. एकदा बायकोनं विचारलं, "परत दावायचं का?" मी म्हणालो, "पास झालेल्याचा रिव्ह्यू नसतो." तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या घरात ती माझ्याशी बोलत होती, जेवण वाढत होती, सणवार करत होती. पण लेकीविषयीचा एक शब्दही तिनं मला सांगायचं बंद केलं. मला वाटायचं, तक्रार उरली नाही.

अडीच वर्षं गेली. लेक काही शब्द शिकली, बरेचसे तिला लागतील तेव्हा तिच्या तोंडात नसायचे. मोठा आवाज झाला की कान दाबून भिंतीला डोकं आपटायची. बालवाडीत मदतनीस बाईंच्या मांडीवर तिचे दिवस निघाले. मी म्हणायचो, लाजाळू आहे. मग ती गावच्या शाळेत पहिलीला गेली आणि पंधरा दिवसांत गुरुजींनी आम्हा दोघांना बोलावलं.

गुरुजी तरुण होते. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. म्हणाले, "पाव्हणं, मला एक कळत नाही. मी हिच्यासमोर बसून काहीही विचारलं, भूक लागलीय का, शू लागलीय का, तर ती असं करते." त्यांनी स्वतःचं बोट स्वतःच्या हनुवटीखाली घातलं आणि तोंड वर केलं. मोठ्या माणसाला तसं करताना पाहून मला कसंतरी झालं. "मग नाव सांगते आणि हात पसरते. काल हिच्या पायात काटा गेला होता. रक्त येत होतं. मी विचारलं कुठं दुखतंय, तरी हेच. हनुवटी, नाव, हात. मला वाटलं खाऊ मागते. खडू दिला, तर तिनं तो खाली ठेवला आणि परत हात पसरला. घरी काय देता तुम्ही हिला?"



"घेवडा," बायको म्हणाली.

लेक बाकावर बसली होती. पायाला पट्टी होती. मी तिच्यापुढं जाऊन बसलो, का ते मला माहीत नाही, कदाचित पट्टी बघायला. मी बसताक्षणी तिचं बोट हनुवटीखाली गेलं. डोळ्यांत पाणी होतं, ते खाली सांडत होतं, आणि त्या पाण्यातून ती नेमकं माझ्या डोळ्यांत बघत होती, मी शिकवलं होतं तसं. तिनं नाव सांगितलं. हात उघडला. दुखतंय हे सांगायची तिच्याकडं एवढीच रीत होती, आणि ती मी दिलेली होती.

त्या दिवशी मी पेटी उघडून साताऱ्याची फाइल काढली.

डॉक्टरबाईंनी आम्हाला ओळखलं. मी बसण्याआधीच सगळं सांगायला लागलो. वही, बिया, कुलूप, सांगली, कपाटातली फाइल, पेढे. मला वाटत होतं त्या ओरडतील. ओरडायला हव्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. अगदी पहिल्यापासून."

बायको दीड तास बोलली. मी या वेळी आत बसलो होतो. लेक 'चिऊ' पहिल्यांदा म्हणाली तेव्हा अंगणात कोण कोण होतं, 'पाणी' हा शब्द कधी गेला, कुठल्या लग्नात बँडच्या आवाजानं ती उलटी करेपर्यंत रडली, सगळं तिला पाठ होतं. सांगलीला तिच्या ओठांवर हेच होतं. मग ती म्हणाली, "बाई, एक हाय. झोपताना ती माझं तोंड दोनी हातात धरायची आन कपाळाला कपाळ लावायची. बघायची न्हाई, पर लावायची. आपल्या मनानं. ह्यांनी ते बघायचं शिकवाय लागल्यापास्नं तिनं ते सोडलं. तवापास्नं एकदाबी न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. त्या घरात मी रोज झोपत होतो.

बाईंनी लिहिणं थांबवलं. मी विचारलं, "तेव्हाच थेरपी सुरू केली असती तर किती फरक पडला असता?"

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच येणार नाही. काही पडला असता, एवढं नक्की. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी वेगळं सांगणार नाही." मग म्हणाल्या, "आधी ते बोट सुटायला हवं. तिला कुणी बघ म्हणायचं नाही, नाव विचारायचं नाही. ती हात पसरेल तेव्हा त्यात काही ठेवायचं नाही. बिया तिच्या तिला देऊन टाका, सगळ्या, मोकळ्या."

बाहेर एसटीची वाट बघताना मी बायकोला म्हणालो, "सांगलीला तू बोलायला पायजे हुतंस."

हे वाक्य मी कसं बोललो, मला अजून कळत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "व्हय. तेवढं माजं चुकलं." आणि लेकीचा हात धरून उन्हातून सावलीत गेली.

आता आठवड्यातून दोनदा आम्ही तिघं साताऱ्याला जातो. लेक सात वर्षांची झाली आहे. बाईंकडच्या ताई तिला चित्रांच्या पत्त्यांवरून मागायला शिकवतात. पाण्याचं चित्र दिलं की पाणी. दुखण्याचंही एक चित्र आहे, ते तिनं अजून कुणाला दिलेलं नाही. घेवड्याची अख्खी परात मी उंबऱ्यावर ठेवतो. सुरुवातीला कितीतरी दिवस तिनं हात लावला नाही. मग एका दुपारी पाच-सहा बिया मांडल्या. बायकोनं मला आतूनच हातानं खुणावलं, तिथंच थांबा. मी थांबलो.

रानात मी अजूनही जातो, पण रिव्ह्यूच्या पोरांना दुसऱ्याकडं पाठवतो.

साताऱ्याला निघताना लेकीचे बूट बांधायचं काम माझ्याकडं आहे. बाईंनीच सांगितलंय, की शक्यतो शेजारी बसून बांधा, समोर बसू नका. मी शेजारीच बसतो. पण बंद बांधायला वाकलो की माझं डोकं तिच्यापुढं येतंच. मग मला वर न बघताही कळतं. तिचं बोट हनुवटीखाली जातं. तोंड वर होतं. ती नाव सांगते, आणि दुसरा हात माझ्या तोंडाजवळ उघडा होऊन थांबतो, रिकामा. त्यात काही ठेवायचं नसतं.

"नको बाय," मी म्हणतो. "नको बघूस माझ्याकडं."

ती बघत राहते. मी दुसरा बूट बांधायला घेतो.